कसब कोणाचे, खाते कोणाचे?

कारखान्यात उत्पादन घटले, कचेरीत फायली तुंबल्या, की वरून एक ठरलेले उत्तर येते : माणसांना प्रशिक्षण द्या. हे उत्तर सोयीचे असते, कारण त्यात दोष कोणाचा हे आधीच ठरून गेलेले असते. दोष कामगाराच्या हातात आहे, त्याच्या अज्ञानात आहे, त्याच्या 'वृत्ती'त आहे. कामाची मांडणी कोणी केली, कोणाला कोठे उभे केले, कोणाला विचारले आणि कोणाला विचारलेच नाही, हे प्रश्न मग आपोआपच मागे पडतात.

मी एका औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत २९ वर्षे टर्नरचे काम शिकवले. तेव्हा शिकवण्याची किंमत मी कमी करीन असे वाचकांनी समजू नये. आपल्या वस्त्यांतून आलेली मुले लेथवर उभी राहिली, मायक्रोमीटर हातात धरून हजाराव्या भागाची भाषा बोलू लागली, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. परंतु प्रशिक्षणाने काय साधते आणि प्रशिक्षणाने काय साधतच नाही, ह्याचा हिशेब आपल्या चळवळीने नीट मांडला पाहिजे असे मला वाटते. हा हिशेब मांडण्यासाठी दोन शहरांतील कापड गिरण्यांचा इतिहास फार उपयोगी पडतो. एक शहर मुंबई, दुसरे अहमदाबाद.

१

मुंबईत ताडदेवला पहिली कापड गिरणी १८५६ साली चालू झाली. पुढच्या काही दशकांत कोकणातून, देशावरून, घाटावरून माणसे ह्या गिरण्यांकडे आली. गावकीची कामे नाकारून, महारकीचे जोखड टाकून आलेला अस्पृश्य माणूसही त्यांत होता. शहरात यंत्रापुढे सगळे सारखे, अशी त्याची आशा होती. ती निम्मीच खरी ठरली. गिरणीत त्याला काम मिळाले, पण बहुतेक करून रिंगखात्यात, म्हणजे सूत कातण्याच्या बाजूला. साळखात्याचे, म्हणजे विणकामाचे दार त्याला बंद होते. आणि साळखात्यातील कमाई रिंगखात्यापेक्षा पुष्कळ बरी होती.

ह्याचे जे कारण सांगितले जाई ते नीट समजून घेतले पाहिजे. मागावरच्या धोट्यात सुताची कांडी असते. कांडी संपली की नवी घालायची आणि तिच्या सुताचे टोक धोट्याच्या बारीक भोकातून बाहेर काढायचे. त्या काळच्या धोट्यात हे टोक विणकर तोंड लावून, श्वासाने ओढून घेत असे. एकच धोटा पाळीपाळीने अनेकांच्या तोंडाला लागे. अस्पृश्याच्या तोंडाला लागलेला धोटा आम्ही तोंडाला कसा लावावा, हा सवर्ण विणकरांचा आक्षेप होता. ह्या एका भोकावरून हजारो माणसांच्या पोटाचा प्रश्न निकालात निघाला.

आता हा धोटा काही निसर्गाने दिलेला नव्हता. तोंडाने सूत ओढण्याची पद्धत इंग्लंडातील लँकेशायरमध्येही होती. तेथे तिला 'धोट्याचे चुंबन' म्हणत. दातांची आणि छातीची दुखणी एकाची दुसऱ्याला लागतात म्हणून तेथील कामगार तिच्याविरुद्ध ओरड करीत. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ मध्ये कायद्याने ती बंद केली. इंग्लंडने बऱ्याच उशिरा, १९५२ मध्ये, तोंडाने ओढायच्या धोट्यांवर नियम केले. हाताने सूत ओवता येईल असे धोटे जगात उपलब्ध होते. १८९० च्या दशकात अमेरिकेत निघालेल्या नॉर्थ्रॉपच्या स्वयंचलित मागावर तर कांडी बदलण्याचे आणि सूत ओवण्याचे काम यंत्रच करीत होते. म्हणजे अडचण तंत्राची असती तर तिला तांत्रिक तोड होती. मुंबईत मात्र धोटा बदलण्यापेक्षा माणूस बाहेर ठेवणे स्वस्त पडले.

ह्यात प्रशिक्षणाचा प्रश्न कोठे येतो? विणकाम शिकण्यासाठी त्या काळी शाळा नव्हती. १८८७ साली स्थापन झालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटसारख्या संस्थेतून वरच्या जागांवरची माणसे तयार होत. साधा विणकर तयार होई तो मागाशेजारी उभा राहून. काका, मामा, गाववाला माग चालवतो, पुतण्या बाजूला उभा राहून तुटलेला धागा जोडायला शिकतो, आणि एके दिवशी जॉबर त्याला बदली म्हणून घेतो. ही गिरणीची परंपरागत शिक्षणपद्धती. भरती जॉबरच्या हातात आणि जॉबर आपल्या गावचा, आपल्या नात्याचा माणूस बघणार. १९२९ साली नेमलेल्या आणि १९३१ मध्ये अहवाल देणाऱ्या शाही मजूर आयोगानेही कामावर घेण्याचे व काढण्याचे अधिकार जॉबरकडून काढून घ्यावेत असे म्हटले होते. तेव्हा अस्पृश्य कामगाराला विणकाम 'येत नव्हते' हे वरवर खरेच होते. पण ते यावे कसे? जेथे उभे राहून शिकायचे तेथे त्याला उभेच राहू दिले जात नव्हते. अकुशलतेचा शिक्का आधी मारायचा आणि मग तोच शिक्का पुरावा म्हणून दाखवायचा, असा हा न्याय होता.

२

१९२८ चा सार्वत्रिक संप एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चालला. त्याच्या मुळाशी 'कार्यक्षमता' हाच शब्द होता. काही गिरण्यांनी दोन मागांऐवजी तीन माग, रिंगखात्यात एका बाजूऐवजी दोन बाजू एकाच कामगाराकडे देण्याची पद्धत सुरू केली होती. मालकांच्या भाषेत ही सुधारणा होती. कामगारांच्या दृष्टीने ती थोड्या माणसांकडून जास्त काम आणि बाकीच्यांची बेकारी होती. संप करणे रास्तच होते.

परंतु ह्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी एक प्रश्न पुढाऱ्यांपुढे टाकला. अस्पृश्य कामगारांना सर्व खात्यांत काम करण्याचा हक्क आहे की नाही? असेल तर ती मागणी संपाच्या मागण्यांत घाला. नाहीतर आमच्या माणसांनी तुमच्या संपात का यावे? पुढाऱ्यांनी नाखुशीने ही मागणी घेतली. ती मालकांपुढे गेली तेव्हा त्यांनी सांगितले की हा अन्याय असलाच तर त्याला आम्ही जबाबदार नाही. दार मालकाने लावले नव्हते, दुसऱ्या कामगाराने लावले होते, आणि मालकाला ते उघडण्याची गरज वाटत नव्हती. कामगार म्हणून एक, जात म्हणून वेगळा, हे दुहेरी जिणे त्या दिवशी उघडे पडले.

पुढे १९३६ मध्ये 'जातिसंस्थेचे उच्चाटन' ह्या लाहोरसाठी तयार केलेल्या पण तेथे न झालेल्या भाषणात बाबासाहेबांनी जात म्हणजे नुसती श्रमविभागणी नव्हे, ती श्रमिकांचीच विभागणी आहे, हे सांगितले. हे विधान आपण सर्वजण उद्धृत करतो. पण त्याच्या लगतचा युक्तिवाद फारसा वाचला जात नाही. तेथे बाबासाहेब थेट कार्यक्षमतेबद्दल बोलतात. माणसाला आपले काम निवडण्याची मुभा नसेल, जन्माने गळ्यात पडलेल्या आणि समाजाने हलक्या ठरवलेल्या कामाविषयी त्याच्या मनात तिटकारा असेल, त्याचे मन आणि बुद्धी त्या कामात नसेल, तर त्या व्यवस्थेत कार्यक्षमता यायची कोठून, असा त्यांचा सवाल आहे. म्हणजे कार्यक्षमता ही कामगाराच्या हाताची बाब नसून व्यवस्थेची बाब आहे, हे कारखाना-शास्त्रज्ञांच्या पुष्कळ आधी आपल्याच माणसाने मांडलेले आहे.

आणि दोनच वर्षांनी, फेब्रुवारी १९३८ मध्ये, मनमाडला जी. आय. पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत त्यांनी हेच उदाहरणांनी दाखवले. आपला माणूस रेल्वेत गँगमन म्हणून राहतो, त्याला साधे पोर्टरही करीत नाहीत, कारण पोर्टरकडून स्टेशनमास्तरला घरकाम करून घ्यायचे असते आणि अस्पृश्य घरात चालत नाही. रेल्वेच्या कार्यशाळेत तो मेकॅनिक क्वचित होतो, फोरमन होतच नाही, हमाल म्हणून लागतो आणि हमालच राहतो. ह्यात कसब कमी असल्याचा काय संबंध? पोर्टरची जागा अडली ती स्टेशनमास्तरच्या स्वयंपाकघरात.

बाबासाहेबांनी प्रशिक्षण नाकारले का? मुळीच नाही. १९४२ च्या ऑक्टोबरात व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात त्यांनी रेल्वेच्या कार्यशाळांत आणि सरकारी छापखान्यांत आपल्या तरुणांसाठी शिकाऊ उमेदवारीच्या जागा मागितल्या. पण ती मागणी एकटी नव्हती. नोकऱ्यांतील वाटा, कायदेमंडळातील प्रतिनिधित्व आणि संघटना ह्यांच्या जोडीने ती होती. शिक्षण आणि सत्ता ह्यांची फारकत त्यांनी कधी केली नाही.

३

आता अहमदाबादकडे वळू. मुंबईच्या गिरण्यांनी आपल्याला दार कसे बंद होते ते दाखवले. दाराच्या आत कामाची मांडणी बदलली तर काय होते, हे अहमदाबादच्या एका प्रयोगातून दिसते.

ह्या प्रयोगाची पूर्वपीठिका इंग्लंडच्या कोळसा खाणींत आहे. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे एरिक ट्रिस्ट आणि केन बॅमफोर्थ ह्यांनी १९५१ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. ह्यांपैकी बॅमफोर्थ हा स्वतः पूर्वीचा खाणकामगार होता, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. जुन्या पद्धतीत खाणकामगारांचे लहान लहान गट आपले सोबती स्वतः निवडत आणि कोळसा तोडण्यापासून बाहेर काढण्यापर्यंतचे सारे काम मिळून करत. नवी यंत्रे आली, कामाचे तुकडे झाले, एक तुकडा एका पाळीला, दुसरा दुसऱ्या पाळीला. यंत्र चांगले असूनही अपेक्षित उत्पादन मिळेना, गैरहजेरी वाढली. माणसे तीच होती, त्यांचे कसब तेच होते. त्यांच्यामधले नाते तुटले होते.

ह्याच संस्थेचा ए. के. राइस १९५३ मध्ये अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये सल्लागार म्हणून आला. गिरणी साराभाईंची. तेथे १९५२ पासून स्वयंचलित मागांचे एक खाते चालू झाले होते. यंत्रे नवी, वेळ मोजून कामाचे वाटप केलेले, आणि तरीही कापड कमी निघे व खराब फार निघे. अशा वेळी कामगारांना पुन्हा शिकवा असे कोणीही म्हटले असते. राइसने आधी कोण काय करतो हे पाहिले. पाळीला तीसेक माणसे, आणि त्यांच्यात कामाचे बारा प्रकार : विणकर, बॅटरीत कांड्या भरणारा, तुटफूट सांधणारा, जॉबर, त्याचा मदतनीस, तेलवाला, झाडूवाला, कांड्या वाहणारा, कापड वाहणारा वगैरे. प्रत्येक प्रकाराच्या माणसाकडे मागांची संख्या वेगळी. त्यामुळे एका विणकराच्या मागांवर कांड्या भरणारा दुसऱ्याही विणकराच्या मागांवर जाई, सांधणारा तिसऱ्याच्याही. विणकराच्या वाट्याला पुरता एकही जोडीदार येत नसे, सगळे अपूर्णांकात येत. धागा तुटला तर कोणाला हाक मारायची आणि कापड बिघडले तर कोणाचे, हे कोणालाच सांगता येत नसे.

सुचवलेला बदल साधा होता : ठरावीक मागांसाठी ठरावीक माणसांचा एक गट. ६४ मागांना सात माणसे. गटाने ती आपली म्हणून चालवावीत, एकमेकांचे काम शिकावे, अडल्या वेळी उचलावे. ही कल्पना पुढे येताच कामगारांनीच ती हातात घेतली आणि गट आपले आपण बनवले. नवे यंत्र आणले नव्हते, शिकवणीचे वर्गही भरवले नव्हते. काही महिन्यांत खात्याची कार्यक्षमता शेकडा सुमारे ८० वरून ९५ वर गेली आणि खराब कापडाचे प्रमाण शेकडा सुमारे ३२ वरून २० वर आले.

मी शिक्षक असल्याने ह्या हकिकतीत मला एक गोष्ट विशेष दिसते. गटातल्या माणसांनी एकमेकांकडून पुष्कळ शिकले. म्हणजे शिक्षण झालेच. पण ते वर्गात झाले नाही, अधिकार हाती आल्यामुळे झाले. ज्याला आपल्या मागांविषयी काही ठरवता येते तो ते चालवायला लागणारे सारे शिकून घेतो. ज्याला काहीच ठरवता येत नाही त्याला कितीही शिकवा, तो सांगितले तेवढे करील.

४

पण येथेच थांबलो तर आपण व्यवस्थापनशास्त्राच्या पुस्तकासारखे बोलू लागू. आपल्याला आणखी एक प्रश्न विचारला पाहिजे. गट आपले आपण बनवायचा, तर 'आपले' कोण?

अहमदाबादच्या गिरण्यांतही खाती जातीने वाटलेली होती. सूत कातण्याच्या खात्यांत वणकर आणि इतर दलित जातींचे कामगार मोठ्या संख्येने, तर मागखात्यांत मुसलमान आणि पाटीदारांसारखे सवर्ण हिंदू. गांधींच्या प्रेरणेने १९२० मध्ये उभे राहिलेले मजूर महाजन हेही खातेवार संघांचे मिळून झालेले होते. म्हणजे खाते, संघ आणि जात ह्यांच्या रेषा पुष्कळदा एकावर एक येत. अशा शहरात गटाला सोबती निवडण्याचे स्वातंत्र्य दिले, तर ते स्वातंत्र्य खात्याच्या दाराशी येऊन थांबते. आत आलेल्यांना एकमेकांची निवड करता येते. दाराबाहेरच्याला कोण निवडणार? इंग्लंडच्या खाणीत सोबती निवडणे ही मैत्रीची गोष्ट असेल, येथे तीच रोटीव्यवहाराची गोष्ट होऊ शकते. जॉबरसुद्धा 'आपला माणूस'च निवडत होता.

म्हणून मांडणी बदलण्याला दोन पायऱ्या आहेत असे मी मानतो. पहिली, कोणत्याही खात्यात कोणालाही जाता आले पाहिजे. ही हक्काची पायरी, ती १९२८ ची मागणी. दुसरी, खात्यात गेल्यावर काम ठरवण्यात त्याचा वाटा असला पाहिजे. ही सत्तेची पायरी. पहिलीशिवाय दुसरी म्हणजे सवर्णांची सहकारी संस्था. दुसरीशिवाय पहिली म्हणजे राखीव जागेवर बसलेला, पण कोणी न विचारलेला माणूस.

ह्या प्रयोगाचे पुढे काय झाले तेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे. टॅव्हिस्टॉकच्याच एरिक मिलरने १९७० मध्ये जाऊन पाहिले. मूळ स्वयंचलित खात्यात गटपद्धती आणि कामाचा दर्जा बराचसा टिकला होता. पण साध्या मागांच्या ज्या खात्यांत ती नंतर नेली होती, तेथे जुनी विभागणी मोठ्या प्रमाणात परत आली होती. माझा निष्कर्ष असा की, वरून मिळालेली मोकळीक वरूनच परत जाते. तिला कायद्याचा किंवा संघटनेचा आधार लागतो. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात मालक-कामगारांच्या संयुक्त समित्यांची तरतूद होती, १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने उद्योगांच्या व्यवस्थापनात कामगारांच्या सहभागाचे ४३-अ हे कलमही आले. पण ते मार्गदर्शक तत्त्वांत आले, त्यामुळे त्याच्यासाठी कोर्टाचे दार ठोठावता येत नाही.

५

आमच्या संस्थेतील मुलांना उमेदवारीसाठी कारखान्यांत पाठवीत असू. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात १९७३ मध्ये अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव जागांची तरतूद झाली, तिचा आमच्या मुलांना लाभ झाला. एका वर्षी परीक्षेत पहिला आलेला आमचा एक मुलगा अशाच एका कारखान्यात गेला. महिन्याने मी तेथे गेलो तेव्हा तो लेथवर नव्हता. कापसाचा बोळा आणि तेलाचा डबा हातात घेऊन तो दुसऱ्यांच्या लेथी पुसत होता. सुपरवायझर म्हणाला, "मुलगा हुशार आहे हो, पण अजून तयार व्हायचाय." तयार कशासाठी? जे काम तो परीक्षेत करून आला होता तेच काम करायला? त्याला आणखी सहा महिने शिकवून काही होणार नव्हते. मी त्या कारखान्याच्या युनियनच्या सेक्रेटरीला भेटलो, दोघांनी मिळून मॅनेजरकडे उमेदवारांच्या कामवाटपाचा तक्ता मागितला. तक्ता लेखी मागताच पंधरा दिवसांत मुलगा लेथवर आला. त्या पंधरा दिवसांत त्याचे कसब वाढले नव्हते. वाटप कोण करतो हे विचारले गेले होते.

गिरण्या गेल्या. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या एकेक करून मिटल्या, कॅलिकोही बंद पडली. तेव्हा हा जुना इतिहास कशाला उगाळायचा, असे एखादा विद्यार्थी विचारील. त्याने आपल्या शहराच्या गटारांकडे पाहावे. २०१३ च्या कायद्याने हाताने मैला साफ करायला आणि संरक्षक साधनांशिवाय गटारात उतरवायला बंदी केली. तरीही माणसे आत गुदमरून मरतात. प्रत्येक मृत्यूनंतर सफाई कामगारांना सुरक्षिततेचे प्रशिक्षण देण्याची भाषा होते. गटारातला वायू घातक असतो हे त्या कामगाराला शिकवायला नको. त्याने आपला माणूस त्यात गमावलेला असतो. उतरायला नकार दिला तर उद्या ठेकेदार काम देईल का, हा त्याचा प्रश्न असतो. ह्या प्रश्नाला कोणताही प्रशिक्षण वर्ग उत्तर देत नाही. धोट्याच्या वेळी यंत्र बदलण्यापेक्षा माणूस बाहेर ठेवणे स्वस्त होते, येथे यंत्र आणण्यापेक्षा माणूस आत उतरवणे स्वस्त आहे. दोन्ही हिशेबांत माणूस एकाच जातीचा निघतो.

आपल्या कार्यकर्त्यांना माझे सांगणे एवढेच आहे. कोणत्याही कारखान्यात, कचेरीत, महापालिकेत 'कार्यक्षमता वाढवण्यासाठी' प्रशिक्षणाची योजना आली तर तिचे स्वागत करा, आपली मुले तीत घाला. पण त्याच दिवशी चार गोष्टी लेखी मागा : कोणत्या कामावर कोणत्या समाजाची किती माणसे आहेत, प्रशिक्षणानंतर कोणाला कोणते काम मिळणार, कामाचे वाटप कोण करतो आणि त्या वाटपात कामगारांचा आवाज कोणता. ही माहिती मिळाली नाही तर ती योजना कामगाराला दोष देण्यासाठी आहे असे समजून पुढचे पाऊल टाका. आणि जे शिक्षक आहेत त्यांनी आपल्या विद्यार्थ्याला सूत ओवायला शिकवताना, धोटा असाच का आहे, हेही विचारायला शिकवावे.